वाक्यात उपयोग

आमच्या सोसायटीत कोणाच्या घरी काय चाललंय हे कळण्यासाठी जिन्यात रेंगाळावं लागत नसे. गेटजवळचा फळा वाचला की भागायचं. पाण्याच्या वेळा लिहायला म्हणून कमिटीने तो लावला होता. वरच्या एका ओळीत पाण्याची वेळ असे आणि उरलेल्या सगळ्या जागेत गायकवाडांचं इंग्रजी असे. त्याची तऱ्हा कळावी म्हणून एक नमुना देते.

आजचा वाक्प्रचार : ॲट द इलेव्हन्थ अवर.
अर्थ : अगदी शेवटच्या घटकेला.
वाक्यात उपयोग : तपासणीला साहेब येणार म्हणून कमिटीने ॲट द इलेव्हन्थ अवर लिफ्टला रंग दिला आणि तो साहेबांच्या शर्टाला लागला.

हे सगळं देवनागरीत. मी गणिताची शिक्षिका, मुलुंडच्या एका शाळेत फळ्याशीच माझा दिवस जातो, त्यामुळे मला राहवलं नाही. मी एकदा विचारलं, "गायकवाडकाका, इंग्रजी आहे ना, मग इंग्रजी अक्षरात का नाही लिहीत?"

"इंग्रजी अक्षरात लिहिलं तर ज्याला येतं तोच वाचणार. त्याला कशाला शिकवायचं, बाई?"

  माझा स्वभाव शेवटचा शब्द आपला ठेवण्याचा आहे, आणि या माणसाने तो मला सहसा मिळू दिला नाही.

नामदेव गायकवाड मूळचे नगर जिल्ह्यातले. महापालिकेच्या पाणी खात्यात ते चावीवाले होते. रस्त्याखालच्या पाइपांच्या झडपा ठरलेल्या वेळी उघडायच्या आणि ठरलेल्या वेळी बंद करायच्या, हे त्यांचं काम. पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्यांनी भांडुपच्या टेकडीवर तीस वर्षं काढली. चढावर उभं राहून "पाणीऽऽ सोडलंऽऽ" म्हणून ओरडायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज निवृत्त व्हायला तयारच नव्हता. घरात बायकोकडे मीठ मागितलं की दोन विंगांमधून मिठाची चौकशी व्हायची. पौर्णिमेला पांढरे स्वच्छ कपडे घालून ते शांताबाईंबरोबर विहारात जात. तिथे वंदनेच्या वेळी सगळ्यांचा मिळून एक आणि गायकवाडांचा एक असे दोन आवाज ऐकू येतात, असं शांताबाईच सांगत.

इंग्रजी वाक्प्रचारांचं वेड त्यांना कुठून लागलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला एक इंजिनिअर साहेब वरच्या साहेबाला घेऊन साइटवर आला होता. गायकवाडांकडे बघून तो इंग्रजीत काहीतरी बोलला आणि दोघं हसले.

"मी पण हसलो, बाई. दोघांपेक्षा मोठ्याने हसलो. मला त्यात टूल आणि शेड एवढे दोन शब्द कळले. मला वाटलं, हत्यारं पाहिजेत. मी म्हणालो, साहेब, शेडची चावी माझ्याकडे आहे, कोणतं टूल आणू? तर ते आणखीनच हसले. मग मीही आणखीन हसलो."

शेडमधल्या हत्यारांत हे काही फार धारदार नाही, म्हणजे डोक्याने बेताचा आहे, असं त्या साहेबाने म्हटलं होतं. गायकवाडांना हे कळलं सहा वर्षांनी, दुसऱ्याच कोणाला तरी विचारल्यावर. सहा वर्षं ते त्या साहेबाला रोज आदराने नमस्कार करत होते. "तो बोलला त्याचं काही नाही. मी हसलो ना, त्याचा मला अजून राग येतो," ते म्हणाले. आणि हे सांगतानासुद्धा ते हसलेच, पण मला काही हसू आलं नाही.

त्यानंतर त्यांनी रद्दीवाल्याकडून इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं. पहिली पानं आणि कव्हर गेलेलं, पण 'ए' पासून 'झेड' पर्यंत शाबूत. त्यातले अकराशे वाक्प्रचार त्यांनी एका लांबट रजिस्टरमध्ये उतरवले, अर्थ मराठीत लिहिले आणि तिसरा रकाना रिकामा ठेवला. तो वाक्यात उपयोगाचा. पुस्तकातली वाक्यं त्यांना अजिबात पसंत नव्हती. "राम आंबा खातो. कोण राम? कुठला आंबा? मेलेलं वाक्य आहे ते. वाक्य खरं पाहिजे." त्यामुळे वाक्य सोसायटीतून यायचं. नाव लिहायचं नाही, फ्लॅट नंबर लिहायचा नाही, फक्त विंग लिहायची, असा त्यांचा नियम होता. तीन विंगांच्या सोसायटीत हा नियम पाळला काय आणि न पाळला काय, लोक बरोबर त्या दाराकडे बघायचे.

दुसरा नियम क्रमाचा. रोज एक, रविवारी सुट्टी, आणि पुस्तकात ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने. सेक्रेटरींनी एकदा लेखी नोटीस काढली की फळ्यावर पाण्याच्या वेळांखेरीज काही लिहू नये. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं : बार्क अप द राँग ट्री. अर्थ : मूळ दोष एकीकडे आणि आपण भलत्याच्याच मागे लागणे. वाक्यात उपयोग : टाकी तीन महिने गळते आहे आणि कमिटी नोटीस फळ्याला काढते, हे बार्किंग अप द राँग ट्री आहे.

सेक्रेटरी फणफणत आले. गायकवाडांनी शांतपणे रजिस्टर उघडून दाखवलं. आदल्या दिवशीचा आणि पुढच्या दिवसाचा, मध्ये हाच. "पाळी आली त्याची. मी काय करणार?" टाकी त्याच शनिवारी दुरुस्त झाली.

सगळंच काही टोचणारं नसे. बी-विंगमध्ये एक बाई होत्या. नोकरी करून सकाळ-संध्याकाळ पोळी-भाजीचे डबे द्यायच्या. त्यांच्यावर एकदा लिहिलं गेलं : बर्न द कँडल ॲट बोथ एंड्स. रात्रंदिवस राबून स्वतःला झिजवणे. बी-विंगमधल्या एक भगिनी बर्निंग द कँडल ॲट बोथ एंड्स आहेत आणि त्यांचे यजमान त्या उजेडात मोबाइल बघतात. त्या बाई फळ्यासमोर उभ्या राहून रडल्या. कोणीतरी पाहिलं म्हणून रडले, असं मला म्हणाल्या. यजमान दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते डबे पोचवायला जाताना दिसले आणि त्यांनी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही.

क्रमाबद्दल मी गायकवाडांशी वाद घातला होता. "आज पाऊसपाण्याचं काही लिहा, उद्या सण आहे तर सणाचं लिहा. पुस्तकाला काय कळतं?"

"टेकडीवर शेवटच्या घरापर्यंत पाणी कशाने पोचतं सांगा."

"पंपाने," मी म्हणाले.

"पाळीने. खालच्या वस्तीत लग्न आहे, साहेबाचे पाहुणे आलेत, दहा मिनिटं जास्त सोड, असं सगळे म्हणतात. ती दहा मिनिटं कोणाची जातात? वरच्या टोकाला जी म्हातारी हंडा घेऊन बसलीय तिची. क्रम म्हणजे क्रम, बाई. तो मोडला की शेवटचा माणूस मरतो."

अशाच एका लग्नाला लवकर पाणी सोडलं नाही म्हणून त्यांची एकदा बदली झाली होती. बदली टेकडीच्याच आणखी वरच्या भागात झाली, त्यामुळे ते खूशच झाले.

आता परबांबद्दल सांगायला हवं. कारण गायकवाड म्हटलं की परब आलेच. सखाराम परब ए-विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे. मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर मुलुंडच्या एका कारखान्यात लागले आणि तिथून निवृत्त झाले. सकाळी सव्वासहाला बादली आणि ओलं फडकं घेऊन ते खाली यायचे आणि कालचा वाक्प्रचार पुसायचे. मग गायकवाड लिहायचे. परब मोठ्याने वाचायचे आणि दरवेळी एकच शेरा मारायचे, "ह्या तुझ्या इंग्रजांका सरळ बोलूक येत नाय काय रे?" मग दोघं शांताबाईंच्या हातचा चहा प्यायचे. या कार्यक्रमात एकही दिवस खंड नव्हता. एकदा परबांना ताप होता तर गायकवाड फळा न पुसता त्यांची वाट बघत बसले. शेवटी परबांची सून येऊन पुसून गेली, आणि तिने नीट पुसला नाही म्हणून दोघांनी मिळून तिच्या नावाने कुरकुर केली.

हे सगळं बिघडलं ते पुस्तकातल्या 'सी' अक्षरात.

परबांचा गावाकडचा भाऊ वारला. या भावाशी एका फणसाच्या झाडावरून परबांचं पंधरा वर्षं कोर्टात चालू होतं. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. संध्याकाळी फोन आला, आणि परब असे हंबरडा फोडून रडले की तिन्ही विंगांना ऐकू गेलं. लोक गॅलरीत आले. लोक कसे असतात ते सांगायला नको. फणसाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी परब खाली आले नाहीत. गावी जायची तयारी चालली असणार, म्हणून गायकवाडांनी स्वतःच फळा पुसला आणि लिहिलं. साडेसातला मी शाळेत निघाले तेव्हा फळ्यापुढे घोळका होता आणि घोळक्यातल्या माना वळून दुसऱ्या मजल्याकडे बघत होत्या. फळ्यावर होतं : क्रोकोडाइल टिअर्स. अर्थ : नक्राश्रू, खोटं रडणं. वाक्यात उपयोग : निवडणूक आली की पुढारी आमच्या कोरड्या नळासमोर क्रोकोडाइल टिअर्स गाळतात.

वाक्य पुढाऱ्यांवर होतं. स्वच्छ, सरळ पुढाऱ्यांवर. पण दहा महिने त्या फळ्याने आम्हाला अशी सवय लावली होती की वाक्य आपल्यापैकीच कोणावर तरी असणार. पुढाऱ्यांचं नाव नुसतं आड घेतलेलं आहे, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. "काय आडून मारलंय!" म्हणून एकाने दादही दिली. तेवढ्यात परब बॅग घेऊन खाली उतरले. त्यांनी फळा वाचला. मागे उभे असलेले लोक बघितले. रिक्षात बसले आणि गेले.

तेराव्यानंतर परत आले ते बोलणं बंद करूनच. बादली-फडकं गॅलरीत उलटं करून ठेवलेलं मला खालून दिसायचं.

मी गायकवाडांकडे गेले. "जाऊन सांगा ना त्यांना, तुमच्यावर नव्हतं म्हणून."

"मी त्याच्यावर लिहिलंच नाही, तर सांगायचं काय? आणि सगळ्या जगाला कळलं नाही तरी त्याला कळायला नको? रोज पुसायला येत होता, त्याला क्रम माहीत नाही?"

"एक दिवस पुढे ढकलायचं होतंत."

"पाळी पुढे ढकलत नाहीत."

दोघं सारखेच हट्टी. परब मला म्हणाले, "माझो भाव गेलो आणि तेका क्रम सुचता? भोगूंदे तेका तेचो क्रम." परबांच्या पत्नीने आणि शांताबाईंनी मात्र हे भांडण मान्यच केलं नाही. इकडून पुरणपोळी वर जायची, तिकडून सोलकढी खाली यायची. गायकवाड वाटी ओळखायचे, निमूट प्यायचे आणि "कोकणातल्या लोकांना कढी मात्र जमते" एवढं भिंतीला सांगायचे.

आता यातली खरी गंमत ऐका. भांडण मिटवण्याला इंग्रजीत बरी द हॅचेट म्हणतात. तो वाक्प्रचार 'बी' मध्ये येतो. आणि 'बी' दोन-अडीच महिन्यांपूर्वीच होऊन गेला होता. तेव्हा गायकवाडांनी तो पार्किंगच्या भांडणावर खर्च करून टाकला होता. फळ्यावरून समेट व्हायचा तर 'झेड' पर्यंत जाऊन पुन्हा 'ए' पासून यायला हवं. म्हणजे सव्वातीन वर्षं.

तुम्ही हसाल, पण आमची सोसायटी वाट बघत बसली. लोक 'एम' आला, 'एस' आला असा हिशोब ठेवायला लागले. आणि सगळ्यात बारीक लक्ष होतं परबांचं. सकाळी दूध आणायच्या निमित्ताने ते गेटपर्यंत यायचे, फळ्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि वळताना वाचून घ्यायचे. एकदा जिन्यात मला थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "गो बाये, तुझो तो 'झेड' किती मोठो असता?"

"लहान असतो, काका. आठवड्यात संपेल."

"माका काय करूचा हा? आपला इचारलंय," असं म्हणून ते चढून गेले.

'झेड' संपला. 'ए' पुन्हा सुरू झाला. वाक्प्रचार जुनेच होते, पण वाक्यं नवीन, कारण माणसं तेवढ्यात बरीच बदलली होती. 'ए' निम्म्यावर आला आणि गायकवाडांच्या छातीत दुखायला लागलं. त्यांना मुलुंडच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. बायपास करायचं ठरलं. जाताना रिक्षात बसल्यावर त्यांनी रजिस्टर आणि खडूची डबी माझ्या हातात दिली. "अक्षर तुमचं बरं आहे. क्रम चुकवू नका. वाक्य जमलं तर लिहा, नाहीतर रकाना रिकामा सोडा, पण खोटं वाक्य लिहू नका."

दोन आठवडे मी लिहीत होते. मला खरी वाक्यं लिहायचा धीर होईना. गायकवाडांवर चिडून आलेल्यांना शांताबाई सांभाळून घ्यायच्या, माझ्यासाठी ते कोण करणार? त्यामुळे रकाना रिकामा राहायचा. लोक येऊन नाक मुरडायचे. "आज पण वाक्य नाही? मग आम्ही काय वाचायचं?" सेक्रेटरीसुद्धा म्हणाले, "गायकवाड असले की सकाळी जरा भीती असते हो. बरं वाटतं."

रविवारी दुपारी मी त्यांना भेटायला गेले. ऑपरेशन मंगळवारी सकाळी होतं. हिरव्या कपड्यात ते अर्धे दिसत होते. आवाजही अर्धाच होता, म्हणजे आपल्यासारखा.

"उद्या काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी रजिस्टर बघितलं. "ॲज फिट ॲज अ फिडल. ठणठणीत असणे."

ते हसले आणि हसताना छातीवर हात ठेवला.  "बाई, उद्या ते नको. उद्या बरी द हॅचेट लिहा."

मला वाटलं, औषधाने गुंगी आली असेल. "काका, अजून 'ए' संपायचाय. ते 'बी' च्या शेपटाला आहे. चार महिने आहेत."

"मला माहीत नाही का? मंगळवार परवा आहे." त्यांनी डोळे मिटले. "तेव्हा सकाळी रजिस्टर उघडलं, क्रोकोडाइल बघितला आणि माझा हात थांबला होता. रात्री त्याचं रडणं मी ऐकलं होतं, बाई. ते खरं रडणं होतं. माणूस भांडतो त्याच्यासाठी जास्त रडतो. मला कळलं होतं, तरी मी लिहिलं. पुस्तकापुढे मला माणूस दिसला नाही. क्रम शेवटच्या माणसासाठी असतो म्हणायचो, आणि त्या दिवशी शेवटचा माणूस तोच होता."

"वाक्य काय लिहू?"

त्यांनी सांगितलं. मी ते रजिस्टरमध्ये पेन्सिलने लिहून घेतलं. 

सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलं : बरी द हॅचेट. अर्थ : भांडण मिटवणे. वाक्यात उपयोग : मी एक दिवस थांबायला हवं होतं.

लिहून हात झटकते तोच माझ्यावर हल्ला झाला. पहिले सेक्रेटरी. "अहो बाई, 'ए' चालू आहे ना? 'बी' कुठून आणलात?" डबेवाल्या बाईंचे यजमान, जे आता स्वतः डबे पोचवतात, ते म्हणाले, "आणि वाक्यात उपयोग म्हणता, तर वाक्यात तो वाक्प्रचार कुठे आहे? शाळेत असंच शिकवता का?" तिसऱ्याने तर गायकवाडांना फोन लावून सांगायची धमकी दिली. "ते हॉस्पिटलातून उठून येतील, बघा." शाळेत बावीस वर्षं फळ्यासमोर काढली, पण एवढ्या चुका माझ्या कोणी काढल्या नव्हत्या.  सांगायचं ते ज्याच्यासाठी होतं तो अजून यायचा होता.

परब दूध घेऊन आले. नेहमीसारखे पाठ करून उभे राहिले, वळताना वाचलं आणि तिथेच थांबले. दुधाची पिशवी हातात तशीच. लोक मला बोलत होते ते त्यांच्या कानावर पडत होतं की नाही, कोण जाणे. थोड्या वेळाने ते माझ्याजवळ आले.

"ह्या तू लिवलंस काय तेना सांगितल्यान?"

"त्यांनी सांगितलं."

"'ए' संपलो?"

"नाही."

 तीन वर्षं रोज फळा वाचणाऱ्या त्या माणसाला वाक्य समजावून सांगावं लागलं नाही. गायकवाडांनी क्रम मोडला होता. बदली झाली तरी लग्नासाठी जो मोडला नाही तो मोडला होता.

"कितीक वाजता भेटूक सोडतत?"

"चार वाजता."

अडीच वाजताच ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून, हातात डबा घेऊन गेटवर उभे होते. मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती.  हॉस्पिटलात एका वेळी एकच पास मिळतो, म्हणून मी खाली थांबले आणि त्यांना वर पाठवलं. दहा मिनिटांत नर्स खाली आली. "सतरा नंबरच्या पेशंटबरोबर तुम्ही आहात का? वर या. दोघं भांडतायत. पेशंटचं उद्या ऑपरेशन आहे हो!"

मी धावत वर गेले. परब पलंगाशी उभे होते. दोघांचे डोळे लाल होते आणि दोघं तावातावाने बोलत होते.

"तुका वाक्य लिवूक येत नाय तां नाय! हॅचेट खय आसा वाक्यात? माका सांग!"

"मला शिकवतोस? तीन वर्षं फळा पुसला नाहीस ते आधी सांग. कोण पुसणार होतं? तुझा बाप?"

"माझ्या बापाशीक जावा नको! आणि क्रम कित्याक मोडलंस? माझ्यासाठी क्रम मोडूक मी काय मंत्री लागान गेलंय?"

"तू मंत्री असतास तर मोडला नसता, मेल्या."

हे ऐकल्यावर परब मटकन स्टुलावर बसले. पलंगाच्या दांड्याला धरून त्यांनी रडायला सुरुवात केली, आणि गायकवाड त्यांच्या पाठीवर थापट्या मारत नर्सला म्हणाले, "ह्याला पाणी द्या. ह्याचा आवाज फार लांब जातो."

मंगळवारी ऑपरेशन नीट पार पडलं. पाच-सहा दिवस सगळं ठीक होतं. परब रोज चार वाजता जायचे आणि सहा वाजता हाकलल्यावर निघायचे. तीन वर्षांचं बोलणं साठलेलं होतं. फणसाच्या झाडापासून सोलकढीपर्यंत सगळं झालं. सकाळी ते बादली-फडकं घेऊन खाली यायला लागले. मी फळा लिहायचे आणि ते मला सांगायचे, "उकार नीट काढ गो, तो आज इचारतलो." मग छातीत जंतुसंसर्ग झाला, ताप चढला आणि डॉक्टर हळू बोलायला लागले.

शेवटचं त्यांना मी पाहिलं ते ऑपरेशननंतर नवव्या दिवशी, भेटीच्या वेळेत. शांताबाईंनी दिलेला मऊ भाताचा डबा घेऊन मी गेले होते; पास परबांकडे होता, पण डबा द्यायचा म्हणून मला वर सोडलं. दाराच्या काचेतून आत बघितलं. परब स्टुलावर बसल्या बसल्या झोपले होते, मान मागे, तोंड उघडं. गायकवाड जागे होते. चेहरा खूप उतरला होता, नाकात नळी होती. दोन्ही हातांना सुया टोचलेल्या असताना त्यांनी आपल्या अंगावरची चादर ओढून ओढून परबांच्या गुडघ्यांपर्यंत नेली होती आणि तिचं टोक तिथे नीट बसवत होते.

मी दार ढकललं. कडीचा आवाज झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.